वॅट की अंश? ई-सिगारेटमधील तापमान नियंत्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात ई-सिगारेटच्या कॉइलविषयीच्या, म्हणजे आतील द्रव तापवून त्याची वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याविषयीच्या, एका प्रश्नाला उत्तर देताना मी ‘उपकरणात तापमान नियंत्रणाची सोय असल्यास ती वापरावी’ असे एक वाक्य लिहिले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली, आणि ती वाचताना ते वाक्य किती अपुरे होते हे माझ्या लक्षात आले. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. या उपकरणांची विक्री काही देशांत खुली, काहींत नियंत्रित, तर काहींत पूर्णपणे बंद आहे. त्या प्रश्नात येथे शिरलेलो नाही.

प्रश्न : मी सतरा वर्षे सिगारेट ओढत होतो. आठ महिन्यांपूर्वी ती पूर्णपणे सोडून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो. माझ्या उपकरणात वॅटेज आणि तापमान नियंत्रण असे दोन्ही मोड आहेत. मी ते 45 वॅटवर वापरतो आणि चवीबद्दल माझी तक्रार नाही. तापमान नियंत्रण अधिक सुरक्षित असते असे मित्र सांगतात. परंतु त्यात नेमके काय सुरक्षित होते, हे विचारले की कोणालाच सांगता येत नाही. मी मोड बदलावा का?

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते कारणासह समजून घेतले तरच त्याचा उपयोग होईल.

वॅटेज मोडमध्ये आपण उपकरणाला एवढेच सांगतो की दर सेकंदाला कॉइलमध्ये किती ऊर्जा ओतायची. 45 वॅट म्हणजे सेकंदाला 45 ज्यूल. कॉइलचा रोध 0.5 ओहम असेल, तर उपकरण सुमारे 4.7 व्होल्ट देते, कॉइलमधून साधारण 9.5 अँपिअर प्रवाह वाहतो आणि बटण दाबून धरले आहे तोपर्यंत हा पुरवठा तसाच चालू राहतो. त्या ऊर्जेचे पुढे काय झाले, याची चौकशी उपकरण करीत नाही. कॉइलला द्रव पुरवणारी कापसाची वात ओली असते तेव्हा ही ऊर्जा मुख्यतः द्रवाची वाफ करण्यात खर्च होते. भांड्यात पाणी आहे तोपर्यंत ते 100 अंशांच्या फार पुढे तापत नाही, तसेच येथेही घडते. प्रॉपिलिन ग्लायकॉल 188 अंश सेल्सिअसला आणि ग्लिसरीन 290 अंशांना उकळते. त्यामुळे त्यांच्या मिश्रणात बुडालेली कॉइल या दोहोंच्या दरम्यान, आणि मिश्रणात पाणी असल्यास त्याहूनही खाली, रेंगाळते. म्हणजे वॅटेज मोडमध्येही तापमानाला लगाम असतो, पण तो लगाम द्रवाच्या हाती असतो, उपकरणाच्या नव्हे.

टाकीतील द्रव तळाला गेला, कापूस फार घट्ट भरला गेला, द्रव इतका दाट असला की वात तो वेळेवर ओढू शकली नाही, किंवा आपण एकामागून एक लांब झुरके घेतले, की हा लगाम सुटतो. तेच 45 ज्यूल आता वाफ करण्याऐवजी तारेलाच तापवू लागतात. हा फरक किती मोठा असू शकतो, हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापावरून कळते. त्यात कॉइल द्रवात पूर्ण बुडालेली असताना तिचे कमाल तापमान 110 ते 185 अंशांच्या दरम्यान राहिले. द्रव केवळ वातीतून येत असताना ते 145 ते 334 अंशांपर्यंत गेले. आणि कोरड्या कॉइलमध्ये ते 322 पासून थेट 1008 अंशांपर्यंत पोहोचले. मधला आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. कोरडी कॉइल हा अपघात आहे असे म्हणता येईल, परंतु वातीतून द्रव येणे हा तर रोजचाच वापर आहे आणि त्यातच जवळजवळ दोनशे अंशांचा फरक पडतो आहे.

तापमान असे वाढू लागले की सुमारे 240 अंशांच्या आसपास कापूस करपू लागतो आणि ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. फॉर्माल्डिहाइड हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत मोडते. अ‍ॅक्रोलिन आपल्या परिचयाचे आहे : कढईतले तेल धुरावले की डोळ्यांना जे झोंबते त्यात ते असते.

या प्रश्नावर 2015 मध्ये मोठा वाद झाला होता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात असे नमूद होते की, 3.3 व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत, मात्र 5 व्होल्टवर ती बरीच आढळली. त्यावर टीकाकारांचा आक्षेप असा होता की, त्या उपकरणावर 5 व्होल्टचा झुरका इतका करपट आणि कडवट लागेल की कोणीही माणूस तो दुसऱ्यांदा घेणार नाही. यंत्राला मात्र जीभ नसते. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात अनुभवी व्यक्तींना करपट झुरका ओळखता आला आणि अ‍ॅल्डिहाइडांचे प्रमाणही त्याच झुरक्यांत एकदम वाढलेले दिसले.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. जीभ हा चांगला पहारेकरी आहे, परंतु तो उशिरा जागा होतो, कारण करपट चव लागेपर्यंत तो झुरका घशाखाली उतरलेला असतो. गोडवा घातलेल्या द्रवांनी कॉइलवर काळा थर साचतो आणि चव दिवसागणिक थोडीथोडी बिघडत गेल्यामुळे ती बिघडली आहे हेच जाणवत नाही. शिवाय सतरा वर्षे धूर ओढलेल्या जिभेवर किती विसंबायचे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा; तो मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

तापमान नियंत्रण हे काम जिभेकडून काढून घेऊन उपकरणाकडे देते. आपण 210 अंश ठरवले, तर कॉइल तेथवर पोहोचल्याचे दिसताच उपकरण वीज कमी करते. वात कोरडी पडली तर झुरका करपत नाही. वाफ पातळ होत जाते आणि द्रव संपल्याचे आपल्याला त्यावरून कळते. माझ्या मते या सोयीचा खरा लाभ एवढाच आहे आणि तो लहान नाही. ओल्या वातीवर, बेताच्या वॅटवर दोन्ही मोडमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वात कोरडी होण्याच्या क्षणी. तेव्हा आपली कॉइल या मोडला चालणारी असेल तर अवश्य बदल करावा, 200 ते 220 अंशांपासून सुरुवात करावी आणि 45 वॅटची मर्यादाही थोडी खाली आणावी, कारण या मोडमध्येही वॅटचा आकडा नाहीसा होत नाही. कॉइल किती वेगाने तापवायची हे तोच ठरवतो.

प्रश्न : मी स्टेनलेस स्टीलच्या तारेची कॉइल बसवून तापमान 220 अंशांवर ठेवले आहे. तरीही काही दिवस झुरका करपट लागतो आणि काही दिवस जेमतेम वाफ येते. पडद्यावर मात्र दर वेळी 220 अंशच दिसतात. उपकरण सदोष आहे का?

उत्तर : कदाचित नसेलही. पडद्यावरील 220 हा आकडा मोजलेला नाही, तो हिशोबाने काढलेला आहे, हे लक्षात आले की आपला बराचसा गोंधळ दूर होईल. कॉइलजवळ तापमापक नसतो. काही धातूंचा विद्युतरोध तापल्यावर ठरावीक प्रमाणात वाढतो. उपकरण तो रोध मोजते आणि त्यावरून तापमानाचा अंदाज बांधते. 2014 साली एव्हॉल्व्ह कंपनीच्या डीएनए 40 या चिपने ही युक्ती व्हेपमध्ये लोकप्रिय केली, आणि तत्त्व आजही तेच आहे.

आता आकडे मांडून पाहू. 316एल प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा रोध दर अंशाला साधारण 0.092 टक्के वाढतो. 20 अंशांना 0.5 ओहम असलेली कॉइल 220 अंशांना सुमारे 0.592 ओहम होते. म्हणजे दोनशे अंशांचा सारा प्रवास ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी जागेत उरकतो. टाकीचा स्क्रू सैल असल्यामुळे, किंवा जोडणीच्या जागी द्रवाचा चिकट थर साचल्यामुळे, थंड रोधाची नोंद झाल्यानंतर त्यात 0.01 ओहमची भर पडली, तर उपकरण ती भर तापमानाची समजते आणि कॉइल जवळजवळ 22 अंशांनी थंड असतानाच हात आखडते. आपल्याला जेमतेम वाफ मिळते ती बहुधा अशा दिवशी.

करपट झुरक्याचे कारण बहुतेक वेळा याच्या उलट असते. उपकरणाला सुरुवातीला थंड कॉइलचा रोध नोंदवून घ्यावा लागतो आणि पुढचा सारा हिशोब त्यावरच उभा राहतो. समजा, आपण नुकतेच झुरके घेतले आहेत, कॉइल अजून 60 अंशांवर आहे आणि तेवढ्यात टाकी काढून पुन्हा बसवली. उपकरण विचारते, ‘नवी कॉइल की जुनी?’ आपण घाईत ‘नवी’ असे उत्तर देतो. आता उपकरणाच्या लेखी 0.518 ओहम हा 20 अंशांचा रोध ठरला. 220 अंशांसाठी ते 0.614 ओहमपर्यंत तापवत नेईल आणि प्रत्यक्षात तार सुमारे 267 अंशांवर पोहोचलेली असेल. पडद्यावर 220 आणि वातीवर 267! एका चुकीच्या बटणाने कापूस करपण्याची मर्यादा ओलांडली, आणि आपण मात्र सुरक्षित मोड वापरत असल्याच्या समजुतीत आहोत. असा खोटा दिलासा मला वॅटेज मोडपेक्षा अधिक घातक वाटतो, कारण वॅटेज वापरणारा माणूस निदान सावध तरी असतो.

म्हणून एक शिस्त पाळावी. कॉइल बदलली किंवा टाकी उघडली की उपकरण दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे, जोडण्या कोरड्या कापडाने पुसून स्क्रू घट्ट करावेत, आणि कॉइल खोलीच्या तापमानाला आल्यावरच रोध नोंदवून तो लॉक करावा. शंका राहिल्यास एक साधी परीक्षा आहे : कॉइलमध्ये कोरड्या कापसाचा लहान तुकडा घालून तापमान 200 अंशांवर ठेवावे आणि काही सेकंद बटण दाबावे. ओढायचे मात्र मुळीच नाही. कापूस काळा पडला किंवा त्यातून धूर निघाला, तर पडद्यावरचा आकडा खोटा आहे असे समजून नोंदणी पुन्हा करावी.

तारेचा प्रकार निवडतानाही हीच दक्षता हवी. निकेलचा रोध दर अंशाला सुमारे 0.6 टक्के वाढतो, म्हणजे स्टीलच्या सहा-सात पट. आपली तार स्टीलची आणि उपकरणात निवड निकेलची असेल, तर उपकरण रोध दुपटीहून अधिक होण्याची वाट पाहत बसते. स्टीलच्या तारेत तशी वाढ वापराच्या तापमानात कधीच होत नाही, आणि पूर्ण वॅट अखंड वाहत राहतात. उलट चूक झाली, म्हणजे निकेलच्या तारेसाठी स्टील निवडले गेले, तर पन्नासएक अंशांवरच वीज तुटते आणि वाफ येत नाही. ही दुसरी चूक त्रासदायक आहे, पण धोक्याची नाही.

आणखी एक मर्यादा कोणत्याही शिस्तीने दूर होत नाही. मोजला जाणारा रोध संपूर्ण तारेचा असतो, म्हणून मिळणारे तापमान सरासरीचे असते. पाच वेढ्यांपैकी चार ओले आणि एक कोरडा असेल, तर सरासरी 220 दिसत असतानाही त्या एका वेढ्यावर कापूस करपू शकतो. वात सैल न सोडता आणि दाबूनही न भरता सर्व वेढ्यांना सारखी टेकवणे, हे काम हातानेच करावे लागते.

प्रश्न : माझ्या तयार कॉइलवर फक्त ‘कँथल, 0.4 ओहम’ असे लिहिलेले आहे. तिच्यावर तापमान नियंत्रण चालेल का?

उत्तर : नाही. कँथल या लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलतच नाही. मापनाला स्थिर रोध हवा असतो तेथे हा त्याचा गुण, आणि येथे नेमका तोच दोष. ही कॉइल वॅटेज मोडमध्येच, आवेष्टनावर दिलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूने वापरावी. निक्रोम या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूविषयीही व्यवहारात हेच उत्तर आहे.

प्रश्न : टायटॅनियमच्या तारेविषयी उलटसुलट वाचनात येते. ती घ्यावी का?

उत्तर : तापमान मोजण्याच्या दृष्टीने टायटॅनियम उत्तम आहे, त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.35 टक्के वाढतो. परंतु ही तार कधीही लालबुंद तापवायची नसते, कारण तेव्हा तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी धरते आणि ती श्वासात जाऊ देणे योग्य नाही. कॉइल स्वच्छ करण्यासाठी ती कोरडीच तापवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी टायटॅनियमच्या वाटेला जाऊ नये. निकेलही मऊ असते, आणि ज्यांना निकेलची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते टाळलेलेच बरे. स्टील 316एल मोजण्यास अवघड असले तरी ते दोन्ही मोडमध्ये चालते, म्हणून माझा कल तिकडे आहे. तेही लाल होईपर्यंत तापवू नये.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने तापमान नियंत्रण असलेले नवे उपकरण घेतले आहे. ‘ताई, आता यात काहीच अपाय नाही,’ असे तो म्हणतो. त्याने कधी सिगारेट ओढलेली नाही. व्हेपच त्याने मित्रांमध्ये सुरू केले. त्याला काय सांगावे?

उत्तर : भावाला आधी हे सांगावे की, या सदरातील वरची सारी उत्तरे त्याच्यासाठी नाहीत. ती सिगारेटच्या जागी हे उपकरण वापरणाऱ्यांसाठी आहेत. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 च्या अहवालात म्हटले होते की, ई-सिगारेटची दीर्घकालीन हानी तंबाखूच्या धूम्रपानाच्या पाच टक्क्यांहून अधिक असण्याची शक्यता कमी आहे. ती तुलना धूम्रपानाशी आहे. ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही, त्याच्यासाठी तुलना स्वच्छ हवेशी करावी लागते, आणि त्या तुलनेत कोणताही मोड जिंकत नाही.

तापमान नियंत्रण केवळ अतिउष्णतेने होणारे विघटन रोखते. निकोटिनची सवय 200 अंशांवरही तेवढीच जडते. लोण्यासारख्या चवीसाठी वापरले जाणारे डायअ‍ॅसिटिल, किंवा दालचिनीच्या चवीतील सिनॅमाल्डिहाइड, यांचा फुप्फुसांवरील परिणाम त्या पदार्थांमुळेच होतो. त्यासाठी ते करपावे लागत नाहीत. कॉइलमधील धातूंचेही तसेच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली वापरकर्त्यांच्या स्वतःच्या उपकरणांतील वाफ तपासली, तेव्हा बाटलीतील द्रवापेक्षा वाफेत शिसे, निकेल आणि क्रोमियम अधिक आढळले. म्हणजे धातू वाटेत, उपकरणातच मिसळले होते.

भावाने द्रव कोठून आणला, हेही विचारावे. 2019 साली अमेरिकेत फुप्फुसांच्या गंभीर इजेची जी साथ आली, त्यात फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 रुग्णांची नोंद झाली आणि 68 जण दगावले. तिचा दृढ संबंध गांजातील टीएचसी असलेल्या, बहुधा अनधिकृत मार्गाने मिळवलेल्या द्रवांत मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटशी आढळला. तशा द्रवापुढे पडद्यावरील अंश कितीही अचूक असले, तरी त्यांचा उपयोग नव्हता.

त्याच्याशी बोलताना उपकरणावर वाद घालू नये, असे मला वाटते. त्याला उपकरणाविषयी आपल्यापेक्षा अधिक माहिती असेल आणि संभाषण तेथेच अडकेल. दिवसाचा पहिला झुरका उठल्यावर किती वेळाने घेतोस, एवढेच विचारावे. उत्तर ‘लगेच’ असे आले, तर मोडची चर्चा बाजूला ठेवून निकोटिन सोडवण्यासाठी डॉक्टरांची मदत घेण्याकडे वळावे.

प्रश्न : निकोटिन कमी करावे म्हणून मी दर मिलिलिटरला 12 मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या द्रवावरून 3 मिलिग्रॅमच्या द्रवावर आलो. आता समाधान होत नाही, म्हणून वॅट वाढवत गेलो आणि 70 वर पोहोचलो. हे बरोबर आहे का?

उत्तर : हेतू चांगला आहे, परंतु मार्ग उलटा पडला आहे. निकोटिन कमी झाले की शरीर ते अधिक वाफेतून भरून काढू पाहते. झुरके लांबतात, वाढतात, आणि त्यांच्यासोबत ग्लायकॉल, ग्लिसरीन व अ‍ॅल्डिहाइड यांचीही मात्रा वाढते. अशी भरपाई प्रत्यक्ष वापरकर्त्यांमध्ये दिसून आलेली आहे. 70 वॅट आणि 3 मिलिग्रॅम यांपेक्षा 20 वॅट आणि 12 मिलिग्रॅम बरे, कारण फुप्फुसांत एकूण कमी पदार्थ जातो. निकोटिन उतरवायचे ते वॅट न वाढवता, एकेका पायरीने, आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबून.

येथे तापमान नियंत्रणाचा एक आडून होणारा लाभ आहे. 210 अंशांची मर्यादा असली, की वॅट कितीही वाढवले तरी एका टप्प्यानंतर वाफ वाढत नाही. समाधानाच्या शोधात आकडा चढवत नेण्याचा मोह आपोआप निष्फळ ठरतो.

प्रश्न : तापमान नियंत्रण असल्यास बॅटरीचा धोका कमी होतो का?

उत्तर : होत नाही, ती सोय कॉइलपुरती आहे. 60 वॅटसाठी 3.5 व्होल्टवर आलेल्या एकाच बॅटरीतून, उपकरणातील गळती धरता, सुमारे 19 अँपिअर प्रवाह घेतला जातो. 18650 आकाराच्या प्रत्येक बॅटरीला तेवढा सतत झेपतोच असे नाही. बॅटरीची सतत प्रवाहाची क्षमता पाहूनच वॅट ठरवावेत, वेष्टन फाटलेली बॅटरी वापरू नये, आणि सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवण्याऐवजी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावी.